हाकललेल्या रानातला मेरू

आमचे बाबा मूळचे पलीकडचे, दोडामार्गातले. डिचोलीला खाणीवर कामाला आले, आईला घेऊन इथेच राहिले, आणि मी पाचवीत असताना खाण बंद पडली. काय सांगू तुम्हाला, तेव्हा सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा तर आई तीन माणसांत दोन उंडे घ्यायची आणि म्हणायची मला नको, पाव खाल्ला की मला पित्त होतं. पित्तबित्त काही नव्हतं. ते मला दहावीत कळलं, एका लग्नात ती पाव खाताना दिसली तेव्हा.

घर होतं बाबलीकाकांच्या काजूच्या बागेत, मातीच्या भिंती, वर माडाच्या झावळ्यांची चुडतं. आम्ही त्यांचे मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारे. बाबलीकाका गावकर, गावातल्या पहिल्या घराण्यातले, देवळातला मान त्यांचा, परवान्याची बंदूकही त्यांच्याकडे, बागेला माकडं लागतात म्हणून मिळालेली. परक्या माणसाला त्यांनी जागा का दिली, तर एकाच कारणासाठी. बाबांना जनावर सापडायचं. आमच्या गावात शिगमो, म्हणजे होळीचा सण, आला की पारध करायची जुनी चाल होती. कायद्याने बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण सरकारी रान गावापासून इतकं आत की विचारायला येतो कोण. दहा जण कुत्रे घेऊन एका बाजूने ओरडत रान हाकलायचे, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले बसायचे, आणि कुठल्या दरीत मेरू आहे ते सांगायचे बाबा. मेरू म्हणजे तुम्ही सांबर म्हणता तो. बाबा खूर बघायचे, लेंडी बोटांत चुरून बघायचे आणि सांगायचे, काल संध्याकाळी गेला, दोन माद्या आहेत बरोबर. खाण बंद होती त्या वर्षांत आमच्या घरात कोरड्यास शिजलं ते त्या वाट्याचं. मी ते लपवत नाही. खाल्लंय मी, त्यावर वाढलेय.

मग मी शिकले. आमच्या घरात, आईच्या माहेरी, बाबांच्या गावी, कुठेच कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, मी म्हापशाला जाऊन बी.एस्सी. झाले, दोन बसा बदलून, पहिल्या बसला उभं राहायला जागा नसायची आणि दुसरी वेळेवर यायची नाही. हे मी अभिमानाने सांगते आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. त्यानंतर मला रानातल्या जनावरांच्या पाहणीचं काम मिळालं, तात्पुरतं, पण माझ्या विषयातलं. कुठल्या सरकारी रानात कुठलं जनावर आहे त्याची नोंद करायची, झाडांना कॅमेरे बांधायचे, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो निघतो. आमच्या गावचं रान त्या यादीत होतं, पण शंकेच्या खुणेसकट. मोठं जनावर सापडलं तर रान राखीव भागात धरणार, कायमचा पहारा बसणार. नाही सापडलं तर यादीतून काढणार आणि मग तिथे कोण काय करेल ते देव जाणे. पाऊस पडायच्या आत पुरावा द्यायचा होता, कारण पावसात पाहणी बंद.

मी पणजीला जाऊन पाहणीच्या मुख्य सरांना सांगितलं, आमच्या रानात मेरू आहे, माझे वडील चाळीस वर्षं बघतात. सर म्हणाले, वडील सांगतात हा पुरावा नव्हे, फोटो आणा. बोलले चांगल्या शब्दांत, पण मला ते लागलं. मी म्हटलं आणते.

तर बघा, आमच्याकडे कामासाठी रानात जायचं म्हणजे आधी राखणदाराकडे, म्हणजे गाव-रान सांभाळणाऱ्या देवाकडे, गाऱ्हाणं घालावं लागतं. गावाच्या वर पिंपळाखाली दगड आहे, तिथे नारळ ठेवून मोठ्याने सांगायचं की आम्ही अमुक माणसं अमुक रानात जातो, सांभाळ. आणि ते परक्याने सांगायचं नाही, गावकराने आपल्या वतीने सांगायचं. मी विज्ञान शिकलेली, पण बाबा म्हणाले गाऱ्हाणं घातल्याशिवाय माझी मुलगी रानात पाय ठेवणार नाही, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. दर वेळी मी बाबलीकाकांना सांगायची, काका, आज पाटयेच्या रानात जाते, आणि ते हात जोडून खणखणीत आवाजात सांगायचे, बा राखणदारा, हे चेडू आज पाटयेच्या रानात जातासा. आजूबाजूला चार-पाच जण बसलेले असायचे, पानसुपारी चालू, सगळे म्हणायचे होय म्हाराजा. मीसुद्धा म्हणायची.

शिगमो झाला तशी मी सुरुवात केली. पाण्याच्या झऱ्यावर कॅमेरा, कुंभ्याच्या झाडाखाली कॅमेरा, कारण त्या दिवसांत कुंभ्याची फुलं खाली पडतात आणि मेरूला ती आवडतात. दहा दिवसांनी जाऊन बघते तर काय, साळिंदर, माकडं, रानडुक्कर, हलणारं गवत. गवताचे इतके फोटो की डोळे दुखायला लागले. दुसऱ्या रानात बांधले, तेच. तिसऱ्या रानात बांधले, तेच, आणि एक कॅमेरा फोडलेला. काजूचे दिवस, सगळा गाव बागेत, हुर्राकाचा, काजूच्या दारूचा, वास सुटलेला, मी घामाने भिजून खाली उतरायची आणि बागेतून हाका यायच्या.

काय गो कॉलेजवाले, गावलो काय तुझो मेरू?

तो पण शिकान पणजेक नोकरेक गेलो आसतलो.

मी हसायची. काय करणार? घरी येऊन मात्र आईवर डाफरायची, भात मऊ झाला म्हणून, जनेलाचं दार उघडं राहिलं म्हणून. सरांचा फोन यायचा, काही मिळालं का, आणि त्यांचा आवाज असा की मिळणार नाही हे त्यांना माहीत आहे. खरं सांगते, मला बाबांचाच राग यायला लागला. वाटायचं, यांनी आयुष्यभर जे सांगितलं ते खरं होतं की पारधीच्या गप्पा? आणि बाबा काही बोलायचेच नाहीत. अंगणात सुपारी सोलत बसायचे.

एका दुपारी सगळ्या कॅमेऱ्यांची कार्डं मेजावर मांडली, तारखेप्रमाणे, आणि फोटो परत पहिल्यापासून बघितले. जनावर शोधायचं म्हणून मी कुत्र्यांचे फोटो पुढे ढकलत होते, गावठी कुत्रे काय, कुठेही जातात. पण पाटयेच्या रानात कुत्रे आले होते दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या रानात, दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या रानातही कॅमेरा बांधल्याच्या दुसऱ्याच दिवशी सहा कुत्रे, आणि फोटोच्या कडेला रबरी चपलेतला एक पाय. मी वहीत लिहिलेलं रानाचं नाव त्या वेळेपर्यंत कोणी वाचलेलं नव्हतं, सरांना मी आठवड्याच्या शेवटी कळवायची. आधी ते फक्त एकाच ठिकाणी मोठ्याने सांगितलं जायचं. राखणदारासमोर. आणि मी स्वतः हात जोडून होय म्हाराजा म्हणत होते. मी कुठे कॅमेरे बांधणार ते मीच सांगत होते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रे घालून ते रान मोकळं केलं जात होतं, म्हणजे नोंद होणार नाही, पहारा बसणार नाही, पुढच्या वर्षी पारध चालूच. इतकी शिकून मी एवढी भोळी!

मी अंगणात गेले आणि बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले होतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, घर खंय बांधलां आमी? तेच्या जाग्यार मगे. मी म्हटलं मुंडकाराचा कायदा मी वाचलाय, घरातून कोणी काढू शकत नाही. ते म्हणाले, कायद्यान घर ऱ्हवता गो बाय, शेजार ऱ्हवणा नाय. मी खूप बोलले. नको ते पण बोलले, तुमचं सगळं डोकं मारण्यासाठीच चाललं असं म्हणाले. आई दारात उभी राहून ऐकत होती, तिने मला आत जा म्हटलं नाही की बाबांना गप्प केलं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाबा म्हणाले, चल. मी म्हटलं आत्ता? उन्हात? तर म्हणाले पहाटे सगळेच जातात, कुत्रे पण पहाटेच सोडतात, मेरूला ते पाठ आहे. आता बागेतले जेवून निजलेत. आणि निघाले ते खडपाच्या रानाकडे. मी थांबलेच. शिगम्यातली पहिली पारध खडपाच्या रानात होते, कुत्रे, ओरडा, बार, सगळ्यात जास्त धुडगूस तिथलाच. मी म्हटलं बाबा, ते तर हाकललेलं रान, तिथे काय राहिलंय?

जनावराक शिगमो कळता, बाबा म्हणाले. तुका कळाक नाय.

मग चालता चालता सांगितलं, आणि एवढं एका वेळी बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. चाल अशी, की एक रान वर्षातून एकदाच हाकलायचं, राखणदाराकडे ते दुसऱ्यांदा मागायचं नाही. पहिलं रान हाकललं की त्या वर्षी तिथे माणूस जात नाही, कुत्रा जात नाही. मेरू बाकीच्या रानांतून उठून शेवटी तिथेच येतो, वरच्या अंगाला, कड्याखालच्या कारवीत, कुत्र्याला घुसता येत नाही अशा ठिकाणी. आणि हे त्यांनी बाबलीकाकांना कधीच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं नाही. मी विचारलं का, तर म्हणाले काहीतरी ऱ्हवाक नको?

रानाच्या तोंडाशी आलो आणि ते थांबले. गाऱ्हाणं घातलं नव्हतं. त्या माणसाने जन्मात गाऱ्हाण्याशिवाय रानात पाय घातला नव्हता, मला दिसत होतं त्यांची मान कशी ताठ झाली ती. मग चपला काढल्या, पिंपळाच्या दिशेला तोंड केलं आणि हळू आवाजात, म्हणजे मला जेमतेम ऐकू येईल असं, म्हणाले,

बा राखणदारा, मी परको माणूस, गाऱ्हाणां घालूचो मान माका नाय. चेडवाक घेवन इलंय. मारूक नाय, बघूक इलंय. सांभाळून घे म्हाराजा.

मीच होय म्हाराजा म्हटलं. दुसरं म्हणायला कोणी नव्हतं.

आम्ही खालून नाही गेलो. पारध खालून वर येते म्हणून मेरू खाली तोंड करून बसतो, आम्ही वळसा घालून कड्यावरून उतरलो, वारा तोंडावर घेऊन. माझे गुडघे सोलले. कारवीत एका जागी बाबांनी हात केला, तिथे माती दाबली गेली होती, तीन ठिकाणी, जनावर बसल्यासारखी. लेंडी ओली होती. एका झाडाची साल माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर घासलेली, त्यात राखाडी केस अडकलेले. मोप्याच्या विमानतळावर उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं आणि त्या आवाजात मी कॅमेऱ्याचे पट्टे ओढून घेतले. तीन कॅमेरे बांधले, वहीत रानाचं नाव लिहिलं, आणि त्याच वाटेने परत. कोणाला काही सांगितलं नाही. बाबलीकाकांनी विचारलं, आज खंय नाय गेलंस? मी म्हटलं, कंटाळले काका. तेवढं खोटं मी बोलले.

पंधरा दिवस गेले. वळवाचा एक पाऊस येऊन गेला, मला झोप नाही. कार्डं काढून आणली तर पहिल्या कॅमेऱ्यात पाणी शिरलेलं, सगळं काळं. दुसऱ्यात गवत. परत गवत! मी रडायच्या बेताला आले. तिसऱ्यात दोन माद्या, आणि त्यांच्या मागून नर, मोठा, नवी शिंगं केसाळ, कोवळी, कान पुढे केलेले. दिवसाउजेडी. एकदा नाही, सात वेळा. बाबांना लॅपटॉपवर दाखवला तर त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, म्हातारो झालो हो. मग कळलं की ते त्याला ओळखत होते, डाव्या कानाला चीर होती म्हणून.

मला वाटलं सर आता तरी खूष होतील. तर म्हणाले फोटो चांगला, पण हे रान तुम्ही पाहणीच्या नकाशावर ठरलेल्या चौकोनात दाखवलेलंच नाही, अर्ज परत भरा. भरला. दोनदा भरला. जनावर कोणी शोधलं याचा रकानाच नव्हता त्यात, मी शेरा लिहायच्या जागी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, माग काढणारे. अहवाल छापताना ते गाळलं. मी पणजीला जाऊन भांडले, हो, कचेरीत खुर्चीवर बसून राहिले दुपारपर्यंत, तेव्हा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आलं.

गावात काय झालं ते विचारू नका. पहारा बसला, ह्या वर्षी शिगम्यात पारध झाली नाही, आणि बाबलीकाका आमच्या वतीने गाऱ्हाणं घालत नाहीत. घरातून काढलं नाही, तेवढा कायदा त्यांनाही ठाऊक. पण बागेतून हाक येत नाही, चेष्टासुद्धा करत नाहीत, आणि मला ती चेष्टा आठवते, खोटं कशाला बोलू. बाबा शिगम्यात पाच दिवस अंगणाबाहेर पडले नाहीत. त्यांनाही पारध हवी होती, आत कुठेतरी, मला माहीत आहे. माझं काम गेल्या पावसाबरोबरच संपलं, आता मी दुसऱ्या पाहणीसाठी अर्ज केलाय. देव बाबलीकाकांचं बरं करो, त्यांनी जागा दिली नसती तर मी शिकले नसते, हेही लिहा.

पण आमच्या रानात मेरू आहे. सरकारी कागदावर तसं लिहिलेलं आहे, रान राखीव भागात धरलेलं आहे, आणि तो कुणी शोधला तेही लिहिलेलं आहे.