दुपारी साडेतीनच्या झडतीबाबत

जबाब, दि. १२/०२/२०२५, वेळ १८.४० वा.

नाव ज्ञानेश बबनराव येळवंडे, वय ४९ वर्षे, धंदा प्रेस पार्ट्सचे वर्कशॉप (भोसरी), राहणार फ्लॅट नं. २०३, रहाटणी. मूळ गाव निघोजे, ता. खेड.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी रोहिणी व वडील बबनराव, वय ७८, असे राहतो. वडिलांना सगळे तात्या म्हणतात. ते भोसरीतल्या एका कंपनीत तीस वर्षे गेटवर सिक्युरिटीला होते. शिफ्ट सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घेणे हे त्यांचे काम. बायकांची झडती पडद्याआड चिमाबाई नावाच्या बाई घेत. तेवढा वेळ तात्या भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

गेले दीड वर्ष तात्यांना स्मृतिभ्रंश आहे. मी मुलगा आहे हे त्यांना आता समजत नाही. दिवाळीपासून दुपारचे साडेतीन वाजत आले की ते खाली जाऊन लिफ्टसमोर उभे राहू लागले. पहिली शिफ्ट त्याच वेळेला सुटायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते खिसे चाचपायचे. सोसायटीत लोकांनी हसण्यावारी नेले. त्यात सगळ्यात पुढे मी. "तात्यांनी परत ड्युटी धरली, ओव्हरटाइम मागत नाहीत हे नशीब," असे मीच सांगत असे. तिसऱ्या मजल्यावरचे सुजित दोन्ही हात वर करून म्हणायचे, "घ्या काका, लॅपटॉप कंपनीचाच आहे, लिहून घ्या." तात्या चाचपून म्हणायचे, "व्हय. निघा."

पुढे वेगळे सुरू झाले. ज्या माणसाने जन्मात वावगा शब्द काढला नाही तो ताट भिरकावू लागला, रोहिणीला चोरटी म्हणू लागला. बाकीच्या शिव्या मी येथे सांगत नाही. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितले की एकटे सोडू नका, शेजाऱ्यांना आजाराची कल्पना द्या. मी दाराला वरच्या बाजूस कडी बसवली. शेजाऱ्यांना सांगितले नाही. "ऐकू कमी येतं," एवढेच सांगितले.

विचारल्यावरून सांगतो की, आजच्या तक्रारीत आहे तसे बाईमाणसाशी वागणे हे पहिल्यांदा झालेले नाही. मी कानाने काम करणारा माणूस आहे. प्रेसचा ठोका जरा बदलला तरी डायमध्ये पत्रा अडकल्याचे मला केबिनमध्ये बसून कळते. साधारण तीन आठवड्यांपूर्वी रविवारी मी हॉलमध्ये टीव्ही बघत होतो. स्वयंपाकघरातून रोहिणीचा आवाज आला, "तात्या, हात काढा." थोड्या वेळाने पुन्हा आला. मी टीव्हीचा आवाज वाढवला. नंतर तिला म्हणालो, "आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस." ती म्हणाली, "मी नाही घेत. तुम्ही कधी घेणार?" मी वर्कशॉपला निघून गेलो. रविवार असल्याने वर्कशॉप बंद होते.

आज रोहिणी दिघीला भावाकडे गेली असल्याने मी घरी होतो. १५.१५ च्या सुमारास तात्या दार वाजवू लागले. "अहो उघडा की. पोरं खोळंबलीत. घरी जायचंय त्यांना." मी दोनदा समजावले. ते दाराला कपाळ लावून रडू लागले. मी कडी काढली. तेवढ्यात कस्टमरचा फोन आला म्हणून मी गॅलरीत गेलो. दहा-बारा मिनिटे बोललो.

१५.३५ वाजता खालून बाईचा ओरडण्याचा आवाज आला. मी जिन्याने धावत गेलो. सुजित यांच्या पत्नी दिव्याताई मुलाला शाळेतून आणायला निघाल्या होत्या. तात्यांनी त्यांची पर्स एका हातात धरली होती. दुसरा हात कुठे होता ते दिव्याताईंनी तक्रारीत सांगितले आहे. ते तसेच आहे, मी पाहिले. दिव्याताईंनी ढकलले, तात्या पडले, ओठ फुटला. त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.

पोलीस ठाण्यात येताना गाडीत सोसायटीचे सेक्रेटरी किसनराव मला म्हणाले, "ज्ञानेशभाऊ, सांगून टाक, म्हातारा तोल जाऊन पडत होता, आधाराला धरलं. बघायला होतं कोण? या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढवतो का बापाला?" मला ते पटले होते. तसेच सांगायचे ठरवून मी आलो. बाहेर बाकावर दिव्याताई महिला अंमलदारांना सांगत होत्या, "मी दोनदा म्हणाले, काका, हात काढा." मी दाराच्या अलीकडे होतो, पण ऐकू आले. तो आवाज मी माझ्या घरात ऐकलेला आहे. म्हणून किसनरावांनी सुचवलेले मी सांगत नाही. दिव्याताईंचे म्हणणे खरे आहे. असे काही होणार हे मला माहीत होते, त्यांना माहीत नव्हते.

विचारले नसले तरी सांगतो, रोहिणीला मी अजून फोन केलेला नाही.

यापुढे तात्यांना एकटे बाहेर सोडणार नाही. उद्या प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन आजार सांगेन.

हा जबाब मला वाचून दाखवत असताना तात्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान न हलवता सगळा ऐकला. मग उठून उभे राहिले व म्हणाले, "साहेब, बायामाणसाला हात लावतो? असला माणूस गेटवर ठिवू नका. आजच्या आज काढा त्याला." साहेबांनी मला विचारले, हे घ्यायचे का. मी म्हणालो, घ्या.

एवढे वाढवून जबाब मला पुन्हा वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

(सही) ज्ञानेश बबनराव येळवंडे