चाळीस अंशांची नोंद

दिनांक २५ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

माझे नाव बुरुल असानालियेवा, वय ५८ वर्षे, काम प्रयोगशाळा सहायक, राहणार ओश बाजाराच्या मागे, बिश्केक. पॉलिमर संस्थेत एकतीस वर्षे नोकरीस आहे. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगते की,

आमचे संशोधक इल्गिझ तोकोएव, वय ३४, यांना फिल्म चोरल्याच्या आरोपावरून दिनांक १५ पासून कोठडीत ठेवले आहे. फिल्म चोरीला गेलेली नाही. ती मी बिघडवली.

ही फिल्म म्हणजे काचेवर चढवलेला प्लास्टिकचा पातळ पिवळा थर. त्यात इल्गिझने चार वर्षे खपून रचलेला रेणू असतो. डोळ्यांना न दिसणारा लेसर त्यातून गेला की पलीकडे हिरवा उजेड पडतो. रेणूचे एक टोक इलेक्ट्रॉन देणारे, दुसरे ओढणारे. मोकळे सोडले तर ते उलटसुलट पडतात आणि एकाचे केलेले दुसरा पुसून टाकतो. म्हणून फिल्म एकशे वीस अंशांपर्यंत तापवायची आणि वरच्या सुईला हजारो व्होल्ट द्यायचे, म्हणजे सगळे एका दिशेला तोंड करतात. मग व्होल्टेज चालू ठेवूनच गार करायची. चाळीस अंशांच्या आधी बंद केले तर मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पोरे करतात तेच होते. नव्या माणसांना हे मीच शिकवते.

दिनांक १४ रोजी सकाळी ११.४० वाजता फिल्म गार होत होती. इल्गिझ तळमजल्यावर लेसरच्या खोलीत होता. तिथे फोन नेत नाहीत. त्यामुळे त्याच्या सासूने मला फोन केला. मुलगी झाली होती. पहारेकरी सादिर दारातच उभा होता, त्याने ऐकले. आनंदाची बातमी पोचवणाऱ्याची भेट, म्हणजे सुयुंचू, पहिल्यालाच मिळते, दुसऱ्याला नाही.

मला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणतात. सादिर म्हणाला, "एजे, तुम्ही बसा तुमच्या सुईपाशी. मी सांगतो जाऊन. माझे गुडघे अजून शाबूत आहेत."

मी म्हटले, "गुडघे आहेत रे, लाज कुठंय? विद्यार्थी होता तेव्हापासून त्याला जेवू मी घातलंय."

काट्यावर ब्याण्णव अंश होते. व्होल्टेज चालू ठेवून खोली सोडायची नाही, असा नियम आहे. तो मी पाळला. व्होल्टेज बंद केले, वहीत चाळीस लिहिले आणि जिना उतरले. वळणावर सादिरला कोपराने बाजूला केले.

इल्गिझने खिसे चाचपले. बसच्या कार्डाशिवाय काही नव्हते. त्याने गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाला, "सध्या एवढंच, एजे. तिला पाळण्यात घालू त्या दिवशी मानाचं मेंढीचं डोकं तुमच्यापुढे." मला फार आनंद झाला होता. आत बापांना सोडत नाहीत, म्हणून संध्याकाळी तो प्रसूतिगृहाच्या खिडकीखाली उभा राहून आला. बाळ चौथ्या मजल्यावर, त्यामुळे काही दिसले नाही.

दिनांक १५ रोजी फिल्म बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर हिरवा उजेड पडला नाही. संचालक मुकाय साहेब म्हणाले, "सोमवारी केलेल्या तुकड्यातून पडत होता. ही फिल्म दुसरीच आहे. खरी कुठे लपवलीस? ती विकायला कोरियाला निघालायस ना?"

इल्गिझने वही उघडली. माझी नोंद पाहिली, वेळ पाहिली. मग विचारले, "एजे, काल खिडकी उघडी होती का? फार लवकर गार झालीय."

मी 'हो, खिडकी उघडी होती' असे खोटे सांगितले. त्या खिडकीच्या फटींना दर हिवाळ्याआधी कागदाच्या पट्ट्या मीच चिकटवते, मग ती उन्हाळ्यापर्यंत उघडत नाही. मागच्या ऑक्टोबरात खळीचे भांडे त्याने धरले होते.

तो म्हणाला, "असेल." वही मिटली. दुपारी त्याला घेऊन गेले. तो अजून काही बोललेला नाही, असे कळते.

मला वाटले, दोन दिवसांत सोडतील. पेन्शनला दोन वर्षे राहिली आहेत. मी भ्याले. याची मला लाज वाटते.

परवा रविवारी बाळाला बापाशिवायच पाळण्यात घातले. बातमी पोचवणारी म्हणून त्याची सासू बाळ माझ्याकडे देऊ लागली. म्हणाली, "घे गं, तुझ्याच तोंडून तिच्या बापाला कळलं." मी हात धुऊन येते म्हणून उठले ती घरीच गेले.

आपण मोहोरबंद केलेली फिल्म खरीच आहे. ती पुन्हा तापवावी, व्होल्टेज द्यावे आणि चाळीस अंशांपर्यंत चालू ठेवावे. हिरवा उजेड पडेल. हे काम माझ्याकडे देऊ नये.

मफलर जबाबासोबत जमा करून घ्या म्हटले. हा मुद्देमाल होत नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. मग कोठडीत इल्गिझला द्या म्हटले, तर मफलर आत चालत नाही. तो माझ्यापाशीच आहे.

वरील मजकूर लेखनिकांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. एके ठिकाणी नुसतेच 'हो, खिडकी उघडी होती' असे लिहिले गेले होते. तिथे 'असे खोटे सांगितले' हे शब्द मी घालायला लावले. आता बरोबर आहे.

सही: बुरुल असानालियेवा