अर्ध्या पानाचं उत्तर

सुजाता : नऊ दिवस झाले खुशबू शाळेत नाही, फोनही बंद. मी तिला इंग्रजी शिकवते, प्रफुलभाऊ. दारातूनच परत कशी जाऊ?

प्रफुल : बसा मंग. पन ती आतल्या खोलीतून बाहेर येनार नाई. तिच्या मायशीबी बोलत नाई ती.

सुजाता : चूक माझी आहे. तेच सांगायला दुर्ग शहरातून इथवर आले.

प्रफुल : हे पाहा मॅडम, मी रेल्वे यार्डात डबे जोडनारा मानूस. पोरीनं इंग्रजीत काय लिहिलं ते मले माह्या दोस्ताच्या बायकोच्या, चंदावहिनीच्या तोंडून समजलं. भर दुपारी आली, दारात उभी राहून बोलली, निघून गेली. वर्गात नेमकं काय झालं, ते कोनीच सांगितलं नाई मले.

सुजाता : अकरावीला एक धडा आहे. दोन भाऊ खाणीत उतरतात. धाकटा आत अडकतो. थोरला एकटाच वर येतो आणि सगळ्यांना सांगतो, मी आज खाणीत गेलोच नव्हतो. मी मुलांना विचारलं, तो असं का वागला? सगळ्यांनी तीच ती पाच ओळींची उत्तरं दिली. भित्रा होता, स्वार्थी होता. मला कंटाळा आला. म्हटलं, तुम्ही स्वतः पाहिलेल्या अशा एखाद्या माणसाबद्दल अर्धं पान लिहा. मी कोणाला दाखवणार नाही.

प्रफुल : आन् दाखवलं.

सुजाता : वाचून दाखवलं. नाव न घेता.

प्रफुल : काय होतं त्या अर्ध्या पानात? मराठीत सांगा. कमी करून सांगू नका.

सुजाता : एक माणूस रविवारी तलावाच्या पायरीवर मोटरसायकल धुतोय. सोबत त्याचा मित्र. मित्र पाय धुवायला खाली उतरतो, घसरतो, जलपर्णीत अडकतो. पायरीवरच्या माणसाला चांगलं पोहता येतं. तो खाली बसतो आणि पाहत राहतो. सगळं शांत झाल्यावर मित्राच्या चपला उचलतो, त्याच्या बायकोला नेऊन देतो. सांगतो, मी पोचलो तेव्हा फक्त चपला होत्या.

प्रफुल : चपला.

सुजाता : चपलांचं वाक्य आलं आणि आम्रपाली उठून उभी राहिली. खुशबूच्या शेजारीच बसते ती. काही बोलली नाही. दप्तर तिथंच ठेवून वर्गाबाहेर गेली.

प्रफुल : तिनंच दार उघडलं होतं त्या दिवशी. चपला तिच्या हातात दिल्या मी. बारा-तेरा वर्साची होती. म्हने, काका, बाबा कुठं हायेत?

सुजाता : मला माहीत नव्हतं की आम्रपाली त्या मित्राची, नरेशभाऊंची मुलगी...

प्रफुल : ते सोडा. एक विचारतो, खरं सांगा. वाचून दाखवलं तवा तुमाले माहीत होतं का, हे पोरीनं मनानं रचलेलं नाई म्हनून?

सुजाता : ...हो.

प्रफुल : हो?

सुजाता : घरी वहीत पहिल्यांदा वाचलं तेव्हाच समजलं. असं रचता येत नाही सतरा वर्षांच्या मुलीला. तरी वाचलं. बावीस वर्षं शिकवतेय मी. इतक्या वर्षांत कोणी पहिल्यांदा खरं लिहिलं होतं. मला आनंद झाला, प्रफुलभाऊ. काय सांगू. बाकी मुलांना दाखवावंसं वाटलं, की बघा, असं लिहितात. त्या क्षणी ते कोणाच्या घरचं आहे, हे मनात आलं होतं. मी बाजूला सारलं.

प्रफुल : तुमी तरी कबूल करून राहिल्या. मले चार वर्सं लागले.

सुजाता : म्हणजे ते सगळं...

प्रफुल : सगळं तसंच हाये. पोरगी तिथं होती, हेच मले माहीत नव्हतं. तुमच्या वर्गात पोरं काय म्हनाली मग? तो मानूस कावून बसून राहिला म्हनून?

सुजाता : घाबरला असेल, म्हणाली.

प्रफुल : भेव होतं. पन पयल्या मिनिटाले. नरेशनं हात वर केला तवा माहे पाय उठलेच नाईत. मंग भेव गेलं. खरं सांगतो, गेलं होतं. तवा मनात आलं, आता उडी मारली अन् हा वाचला, तर तो मले विचारीन, आधी कावून नाई मारली? दोघं एकाच गावचे आमी, संगच रेल्वेत भरती झालो, लग्नबी एकाच साली. त्याच्या त्या इचारण्याले भेलो मी. पान्याले नाई. सांगा ना. हे बसते का तुमच्या धड्यात?

सुजाता : नाही बसत.

प्रफुल : चार वर्सं मी त्या घरचं सगळं पाहिलं. नळ दुरुस्त केला, आम्रपालीले सायकल शिकवली, वहिनीले टायफॉइड झाला तवा तीन दिवस दवाखान्यात बसलो. लोक म्हनत, दोस्त असावा तर असा. मी ऐकून घेत होतो.

सुजाता : चंदाताई काय म्हणाल्या त्या दुपारी?

प्रफुल : मले वाटलं, वहिनी शिव्या देईन. दगड घेऊन येईन. तिनं एकच विचारलं. किती वेळ लागला?

सुजाता : तुम्ही काय सांगितलं?

प्रफुल : म्हनलं, लवकर झालं, वहिनी. त्याले समजलंबी नसन.

सुजाता : आणि खरं?

प्रफुल : ते तुमालेबी नाई सांगत.

(आतल्या खोलीचा पडदा सरकतो. खुशबू दारात उभी आहे.)

खुशबू : पप्पा, मी सांगते. मले मालूम है.

प्रफुल : तू आत जा, बेटा.

खुशबू : नाही. मॅडम, तुम्ही अर्धं पान म्हणाल्या होत्या ना. म्हणून मी अर्धंच लिहिलं. बाकीचं मी लिहिलंच नाही.

सुजाता : काय बाकीचं?

खुशबू : मी पप्पांना जेवायला बोलवायला आली होती. वरच्या भिंतीमागं उभी होती. नरेशकाका पाण्यात हात हलवून राहिले होते. पहिले वाटलं, खेळून राहिले. पप्पा बसून आहेत, मतलब काही झालं नसेल. फिर समझ में आया. मागं रस्त्यावर लोक होते मॅडम, टपरीवर चार-पाच जण. एक आवाज दिला असता तर आले असते.

सुजाता : तू तेरा वर्षांची होतीस.

खुशबू : आवाज तर होता ना.

प्रफुल : घाबरली असन ती. लेकरू होती, मॅडम.

खुशबू : नाही पप्पा. घाबरून नाही. मी ओरडली असती तर लोक धावत आले असते, आणि सगळ्यात पहिले त्यांनी तुमाले पाहिलं असतं. पायरीवर बसलेलं. म्हणून नाही ओरडली.

प्रफुल : माह्यासाठी?

खुशबू : हो.

(प्रफुल उठून उभा राहतो.)

सुजाता : प्रफुलभाऊ, बसा. बसा तुम्ही खाली.

खुशबू : फोन बंद केला त्याच्या आधी आम्रपालीनं मेसेज केला होता मॅडम. लिहिलं, तू सांगितलंस, थँक्यू. तिला वाटते मी हिंमत केली. आता तिला हे पण सांगू?

सुजाता : मला नाही माहीत, खुशबू.

खुशबू : तुम्ही टीचर आहात ना.

सुजाता : आहे. तरी नाही माहीत.

खुशबू : सांगितलं तर तिची मैत्रीणपण जाईल, ती एकटी पडेल. नाही सांगितलं तर मी हे मनात ठेवून रोज तिच्या बाजूला बसेन. दोन्ही मला जमत नाही.

सुजाता : सोमवारी शाळेत ये. तुला दुसऱ्या बेंचवर बसवते. वर्ष वाया घालवू नकोस.

खुशबू : पुढचा धडा कशावर आहे?

सुजाता : पक्ष्यांवर. थंडीत लांबून उडत येतात, त्यांच्यावर. साधी माहिती आहे.

खुशबू : माणसं नाहीत त्यात?

सुजाता : नाहीत.

खुशबू : मंग येईन. पण उत्तरं तुम्ही फळ्यावर लिहून द्या मॅडम. मी उतरवून घेईन.