तपासणीला न येणारी

कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायका पुढे किती वर्षं जगतात, याचा डॉक्टर कुमुद नातू अभ्यास करत होत्या. बऱ्या झालेल्या बायका तपासणीला फिरकतच नसत. म्हणून १९७४च्या हिवाळ्यात, आपण शस्त्रक्रिया केलेल्या एकीला भेटायला, त्या स्वतःच सांगलीहून कडेगावच्या एसटीत बसल्या. पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"शालू, हरणाबाई कशी हाय गं?"

"लय झ्याक. रानात तण भांगलायला सगळ्यांच्या म्होरं. नवराच दमतोय."

"पिशवी काढली न्हवं तिची? डाक्तरीणबाईनं परत बलीवलं हुतं म्हनं."

"जाती कशाला? दवाखान्याची पायरी परत चढली की दुखणं मागं लागतंय."

"बाई चांगली हुती म्हनत्यात."

"देवमाणूस. रोज दिवा लावताना तिचं नाव घेती हरणा. पर पुना तोंड बघायचं न्हाई म्हणती. दारात आली तर उसात पळंल."

"पळंल तर. मीबी पळंन."

दोघी हसल्या. शालूबाईनं मागं वळून पाहिलं.

"आवं ताई, कडेगावात कुणाकडं?"

"कोणाकडे नाही. हीच गाडी परत सांगलीला जाते ना?"

"जाती की. घटकाभर थांबून."

"मग मी बसूनच राहते."