सासूबाई माता मंडळात गेल्या

...तर दोनच मुली हव्या होत्या हो मला! एवढंच तर मागणं होतं, पण सासूबाई ऐकतील तर ना! पहिली मुलगी गुमरान झाली तेव्हा गप्प राहिल्या, दुसरीही मुलगी झाली तेव्हा तिचं नाव स्वतःच ठेवून टाकलं, मालसुक, म्हणजे शेवटची. मी मनात म्हटलं, चला, आमचं एकमत झालं! कसलं एकमत? त्यांच्या मते शेवटची मुलगी, आता मुलगा! लगेच अंगणात बसून दारावर लावायची गवताची दोरी वळायला घेतली, त्यात लाल मिरच्या खोवल्या... मुलगा झाल्यावर लावतात ना, ती! अहो, मूल पोटात नाही आणि मिरच्या तयार!

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणे, "बघू." तुम्हाला सांगते, त्या माणसाने आयुष्यभर बघितलंच!

मग मी माता मंडळात जायला लागले. दर महिन्याला आरोग्य खात्याची बाई सायकलवरून यायची, आम्ही जमिनीवर गोल करून बसायचो, रताळी खायचो, हसायचो, आणि उठताना प्रत्येकीच्या हातात मूल न होण्याच्या गोळ्यांचं पाकीट. काय दिवस होते! मी ते पाकीट सोयाबीनच्या रांजणामागे लपवायची. दोनच हव्या होत्या मला, चोरून तर चोरून!

पण सासूबाईंना ते सापडलं! पुढच्या सभेच्या दिवशी ठेवणीतला पोशाख, पांढरा हानबोक, घातला, काठी घेतली आणि निघाल्या, मी मागून पळतेय, "आई, अहो आई, बर्फ आहे, पडाल..." "पडले तर पडले! बघतेच तुमचं मंडळ!" मला वाटलं, संपलं. उद्यापासून गोळी नाही, पुढच्या वर्षी तिसरं, मग चौथं...

दार ढकलून आत शिरल्या, तोंड उघडणार, इतक्यात सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या ना! मोठ्या माणसाला कुठे बसवायचं? चुलीकडच्या गरम जागेवर! तिथे आमची अध्यक्षीण बसायची, ओकबुनची आई, ती टुणकन उठली आणि म्हातारीला बसवलं. बाहेर कडाक्याची थंडी, खाली चुलीच्या धगीने ऊबदार झालेली जमीन... सासूबाई भांडायचं विसरल्या! आणि आरोग्य खात्याची बाई त्या महिन्यात बदलून नवीनच आलेली. तिने गरम जागेवर बसलेली बाई बघितली आणि वाकून म्हणाली, "अध्यक्षीणबाई आपणच ना?"

आणि ओकबुनची आई, भारी पाताळयंत्री हो, गोड आवाजात म्हणते, "दुसरं कोण असणार? यांच्याएवढा मान गावात आहे का कुणाला!"

सासूबाईंची मान अशी ताठ झाली! त्या नव्या बाईने समोर गोळ्यांचा खोका ठेवला. "आपल्या हातानेच वाटा, आजी." आता नाही कसं म्हणणार? एकेकीला हाक मारून वाटायला लागल्या, वर दटावणी, "रोज घ्यायची, विसरायचं नाही!" आणि शेवटी उरले मी.

"गुमरानची आई!"

मी पुढे सरकले. पाकीट त्यांच्या हातात, हात काही पुढे येईना. बत्तीस बायका श्वास रोखून बघतायत. माझ्या डोळ्यांत पाणी... दोनच हव्या होत्या हो!

"घे," म्हणाल्या. "बघतेस काय? अध्यक्षीणबाईचीच सून मागे राहिली म्हणून गाव हसेल मला!"

त्यानंतर अकरा वर्षं अध्यक्षीण होत्या. रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा वाडगा घेऊन माझ्या उशाशी हजर! मिरच्या? त्या किमचीच्या लोणच्यात घातल्या. आणि दोघी नातींना पाठीवर बांधून अख्ख्या गावात मिरवलं त्यांनी, खोटं कशाला बोलू.

आता त्या नाहीत. दर वर्षी त्यांच्या श्राद्धाला पाहुणे येतात, जेवतात आणि मला म्हणतात, "वहिनी, तुम्हाला तिसरं हवं होतं ना? म्हातारीच सांगायची, सून हट्टाला पेटली होती, मीच दोनवर थांबवलं!"

मी म्हणते, "हो ना, त्यांच्यापुढे माझं कुठे काय चालायचं!" आणि भात वाढते.