बादलीतला सम्राट

नवरा: काढा. आधी काढा ते.

तंत्रज्ञ: काढला, काका. हा बघा मुखवटा, माझ्या हातात आहे. चारही खटके सुटे. तुमच्या तोंडावर आता काहीही नाही.

नवरा: मग मला श्वास का येत नाहीये?

तंत्रज्ञ: येतोय. येतोय म्हणून तर बोलताय. पाय खाली सोडून बसा जरा. घाई नाही.

नवरा: या खोलीला एकही खिडकी का ठेवली नाही हो?

तंत्रज्ञ: किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. भिंतीसुद्धा हातभर जाड आहेत.

नवरा: हे विचारायला नको होतं. किती वेळ राहिलो मी?

तंत्रज्ञ: अकरा सेकंद.

नवरा: आणि काल?

तंत्रज्ञ: काल नऊ.

नवरा: म्हणजे प्रगती आहे. अशानं सात मिनिटांवर पोचेपर्यंत ती गाठच म्हातारी होऊन जाईल.

तंत्रज्ञ: काका, बावीस वर्षं मी या खोलीत काम करते. या टेबलावर पैलवान रडलेत.

नवरा: पैलवानांचं त्यांच्यापाशी. आज जमलं नाही तर काय, तेवढं सांगा. काल डॉक्टरीणबाई समजावत होत्या आणि मी नुसती मान हलवत होतो. कानात काही शिरलंच नाही.

तंत्रज्ञ: गाठ लहान आहे. किरण नेमके तिच्यावरच पडले तर ती जाईल आणि आवाज राहील. त्यासाठी मान तसूभरही हलता कामा नये, म्हणून हा मुखवटा. तेहतीस दिवस, रोज सात मिनिटं. रोजच्या रोज भूल देता येत नाही. आजही नाही जमलं तर डॉक्टरीणबाई ऑपरेशनचं बघणार.

नवरा: स्वरयंत्र काढणार.

तंत्रज्ञ: हो.

नवरा: म्हणजे आवाज.

तंत्रज्ञ: हो, काका.

नवरा: बाहेर बाकावर माझी बायको बसलीय, निळी पिशवी मांडीवर घेऊन. तिला वाटतंय, काल सगळं नीट पार पडलं. मीच तसं सांगितलं. तुम्ही काही बोलू नका.

तंत्रज्ञ: त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

नवरा: नाही विचारणार. मी सांगतो तेवढ्यावर ती विश्वास ठेवते. निदान तसं दाखवते.

तंत्रज्ञ: एक विचारू? कालपासून डोक्यात घोळतंय. तुम्ही कधी रेडिओवर होता का?

नवरा: आता कशाला ते.

तंत्रज्ञ: एकदाच म्हणून दाखवा ना. "दिवे मालवा."

नवरा: दिवे… मालवा. मी… अंधारात… नीट पाहतो.

तंत्रज्ञ: अगं आई गं. बघा, हातावर काटा आला. पंचेचाळीस वर्षांची बाई आहे मी, काका. सम्राट घनतम! दर रविवारी साडेनऊला, 'सातव्या सूर्यापलीकडे'. कप्तान शार्दूलचं यान उडालं की आम्ही भावंडं रेडिओला चिकटायचो आणि तुम्ही आलात की सगळी पलंगाखाली. एकेक शब्द तोडून बोलणं, मधे तो श्वास, आणि मागे सारखी टक… टक… टक. सम्राटाच्या छातीत लोखंडी काळीज आहे, असं दादा सांगायचा. मला वाटायचं, ज्या माणसाला कशाचीच घाई नाही, त्याच्यापासून सुटका नाही.

नवरा: घाई होती हो. बाहेर पडायची.

तंत्रज्ञ: कुठून?

नवरा: बादलीतून.

तंत्रज्ञ: कसली बादली?

नवरा: पत्र्याची. फरशी पुसायची. सम्राट शिरस्त्राणातून बोलतो, तसा आवाज हवा होता. दिग्दर्शकानं आणली आणि घातली पालथी माझ्या डोक्यावर, आत माईक लोंबकळत सोडून. आणि मला कोंडल्यासारखं झालं की जीव जातो. लहानपणापासून. त्याला कारण काही नाही. लोकांना कारण लागतं, कुठं विहिरीत पडलो होतो, कुणी माळ्यावर कोंडलं होतं. तसलं काही नाही. नुसतीच भीती आहे.

तंत्रज्ञ: मग?

नवरा: मग काय, पहिल्याच भागात आत गेलो आणि तोंडातून वाक्य फुटेना. एक शब्द, मग हवा, मग दुसरा शब्द. दिग्दर्शक बाहेरून म्हणतो, वा, हेच ठेवा. तुम्ही घाबरून पलंगाखाली असायचात ना, त्याच्या आदल्या आठवड्यात, ध्वनिमुद्रणाला, मी तसाच घाबरून बादलीखाली उभा असायचो.

तंत्रज्ञ: आणि कप्तान शार्दूल?

नवरा: तो शूर. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा, एवढंच. नायक दोनदा बदलला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. खलनायक मात्र बदलता येईना. इतकं घाबरणारा दुसरा मिळत नव्हता.

तंत्रज्ञ: मग एवढे भाग कसे काढलेत?

नवरा: ती टकटक होती ना… जाऊ द्या. ते सांगण्यासारखं नाही.

बायको: सांगण्यासारखं नाही म्हणे. मी सांगू?

तंत्रज्ञ: काकू, इथं आत यायचं नसतं.

बायको: दार उघडं होतं, बाई. दारावरचा लाल दिवा लागतो का, ते बघत बसले होते. तो काही लागेना. काल पण नव्हता लागला.

नवरा: काल तो बिघडला होता.

बायको: आणि तुमचं तोंड? तेही बिघडलं होतं? इथून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर त्या मुखवट्याची जाळी उठलेली असते. कपाळ, गाल, सगळं जाळीदार बिस्किटासारखं. तुम्ही आलात ते गुळगुळीत. वर म्हणे, काही नाही गं, डोळा लागला होता माझा.

नवरा: मग काल बोलली का नाहीस?

बायको: इतकं मनापासून खोटं बोललात. मोडवेना.

तंत्रज्ञ: काकू, तुम्हीही होता त्या मालिकेत?

नवरा: ही दिशाआजी.

तंत्रज्ञ: काहीतरीच.

बायको: सव्वीस वर्षांची होते गं. आवाज आधीपासूनच म्हातारा. सगळे चिडवायचे. आता कुठं तो माझ्या अंगाला नीट बसायला लागलाय.

तंत्रज्ञ: यान मोडून एका चंद्रावर एकटीच राहिलेली दिशाआजी. नुसती रेडिओवरून सगळ्यांना वाट सांगायची. "घाबर, लेकरा. पण सुकाणू सोडू नकोस." दहावीच्या परीक्षेला मी हे तळहातावर लिहून गेले होते. कॉपी म्हणून पकडलं मला.

बायको: बघा. आणि यांना सांगून सांगून थकले, तर यांच्या तळहातावर काही उमटत नाही.

तंत्रज्ञ: पण टकटक कसली?

बायको: माझा प्रवेश यांच्या मागून असायचा, म्हणून मी शेजारीच उभी. तेव्हा आमचं काही ठरलंही नव्हतं. सहज बादलीला बोट लागलं, तर अख्खी बादली थरथरत होती. मला काय सुचावं? अंगठीनं वाजवली. टक. म्हणजे बाहेर कोणीतरी आहे. हे पुढचा शब्द बोलले. परत वाजवली, परत बोलले. दिग्दर्शकानं विचारलं, हे सम्राटाचं काळीज का? म्हटलं, हो.

तंत्रज्ञ: हीच अंगठी?

बायको: हीच. आता निघत नाही. बोटं सुजलीत.

नवरा: चला, आपण घरी जाऊ. त्यांना सांग, नाही जमत म्हणून. ऑपरेशन तर ऑपरेशन. निदान ते भूल देऊन करतात.

बायको: तुम्ही सांगा. तुमचा आवाज आहे. मी नाही सांगणार.

नवरा: त्या जाळीखाली काय होतं, तुला नाही कळायचं.

बायको: नाही कळायचं. मी कधीच आत नव्हते. पण बाकावर बसून त्या पिशवीचा बंद पिळून पिळून तोडलाय मी. माझ्या हाताला दुसरं काहीतरी काम द्या.

तंत्रज्ञ: बाहेर माझ्या टेबलावर माईक आहे, काका. तिथून बोललेलं आत ऐकू येतं. लहान मुलं असली की आम्ही त्यांच्या आयांना बोलू देतो. नियमातच आहे तसं.

नवरा: मी अडुसष्ट वर्षांचा आहे.

तंत्रज्ञ: नियमात वय लिहिलेलं नाही.

बायको: बघा, बाई अडवत नाही. मशीन अडवत नाही. आता राहिलात तुम्ही.

नवरा: …बेल द्या हातात. ती दाबायची ना?

तंत्रज्ञ: नको झालं की दाबायची. मी तेव्हाच थांबवून आत येते. ठीक असाल तर अंगठा वर. बोलायचं नाही, आणि होता होईल तो गिळायचं नाही. आडवे व्हा. खांदे सैल.

नवरा: दिवे?

तंत्रज्ञ: नाही मालवत.

नवरा: अगं, जोरात वाजव हं. मधे थांबू नकोस.

बायको: कधी थांबले होते?

तंत्रज्ञ: हा एक खटका. दोन. तीन. आणि हा चौथा.

नवरा: अं… अंह…

तंत्रज्ञ: नाकानं, काका. जाळी आहे, सगळीकडून हवा येते. आम्ही चाललो. काकू, चला. पळा.

(जाड दार सरकून बंद होतं. यापुढे दोघी बाहेर, पडद्यासमोर, माईक सुरू.)

तंत्रज्ञ: या इथं वाजवा, माईकच्या दांडीवर.

बायको: अहो, येतंय का ऐकू? टक. टक. अंगठा वर केला का यांनी?

तंत्रज्ञ: केला. अर्धा.

बायको: सगळं अर्धंच करतात. टक. पस्तीस वर्षं टोपण न लावलेल्या बाटल्या बघतेय मी. टक.

तंत्रज्ञ: काका, आधी फोटो होतायत, किरण अजून नाहीत. नऊ. दहा. अकरा. बारा सेकंद, काका. कालचा विक्रम मोडला, आजचाही मोडला.

बायको: टक. हलू नका. हसूही नका. टक.

तंत्रज्ञ: फोटो जुळले. मान जागच्या जागी आहे. आता खरं सुरू करते. सातातली उरलेली चार मिनिटं. काकू, वर बघा.

बायको: लागला लाल दिवा. टक. बघितला हो, लागला.

तंत्रज्ञ: काका, मशीन आता डोक्यामागून फिरेल. गुणगुण वाढेल. नुसता आवाज आहे, अंगाला काही लागत नाही.

बायको: बाई, छाती बघ त्यांची. किती जोरात.

तंत्रज्ञ: बघतेय. बोटंही आवळलीत बेलवर. काका, नको असेल तर दाबा. मी थांबवते, रागावणार नाही कोणी.

बायको: जरा थांब. मला बोलू दे.

तंत्रज्ञ: बोला. पण हात चालू ठेवा.

बायको: टक. घनतमा. ऐकतोस का? मी दिशा बोलतेय, माझ्या चंद्रावरून. तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. आजी शत्रूला वाट सांगत नाही. बासष्ट भागांत एकदाही नाही सांगितली. टक. पण आज मला तुझं यान दिसतंय. किती लहान आहे रे. मला वाटायचं, फार मोठं असेल. टक. आत एकटाच आहेस. होय ना? टक. तर मग घाबर. लागेल तेवढा घाबर, कोणी बघत नाहीये. पण सुकाणू सोडू नकोस. चार मिनिटं कोणी मागितली नाहीत तुझ्याकडे. टक. पुढची टक येईपर्यंतच थांबायचं. टक. ही झाली. आता हिच्या पुढची. टक.

तंत्रज्ञ: बोटं सैल झाली, काकू.

बायको: सांगू नकोस मला. मोजणं चुकेल. टक.

तंत्रज्ञ: दोन मिनिटं झाली. एक अश्रू गेला कानाकडे. हललेले नाहीत.

बायको: त्याला पुसायला कोणी नाही तिथं. टक. राहू दे. टक.

तंत्रज्ञ: काका, अर्ध्याहून जास्त झालं. काकू, तुमचा हात मशीनसारखा चालतोय.

बायको: त्याच्याकडे बघू नकोस. यांच्याकडे बघ. टक. टक.

तंत्रज्ञ: तीस सेकंद राहिले. वीस. दहा… झालं. लाल दिवा गेला. झालं, काका, झालं. आलेच मी. काकू, थांबा आता.

बायको: दार उघडेपर्यंत ते आतच आहेत. टक. तू जा. टक.

तंत्रज्ञ: हा सुटला एक. दोन. तीन. चार. उठू नका लगेच. काकू, या आत.

नवरा: पाणी.

तंत्रज्ञ: एकच घोट. हळू.

नवरा: हिनं शत्रूला वाट सांगितली. ऐकलंत ना? नियम मोडला.

तंत्रज्ञ: ऐकलं. काका, एका रविवारी साडेनऊला रेडिओ लावला तर बाजारभाव सुरू होते. मालिका गेली ती गेलीच. सम्राटाचं शेवटी काय झालं, मला अजून माहीत नाही.

नवरा: आम्हाला तरी कुठं माहीत. शेवट कोणी लिहिलाच नव्हता.

बायको: वळा इकडे. उजेडात. हं. उठली जाळी. कपाळावर, गालावर. नाकावर सुद्धा.

नवरा: थांब, चोळून घालवतो.

बायको: हात लावू नका. बाकासमोरून जाऊ आपण. सगळ्यांना दिसू दे.

नवरा: तो पेला धर जरा. अगं, सांडतंय. हात बघू तुझा. केवढा थरथरतोय.

बायको: थरथरू दे. थांबेल आपोआप.

नवरा: कधीपासून होतंय हे?

बायको: पहिल्या भागापासून. बादली निघाली की सुरू व्हायचा.

नवरा: मला कसं कधी दिसलं नाही?

बायको: बादली निघाली की तुम्ही खिडकीकडे धावायचात. इथं खिडकी नाहीये.