गोळी जेवणासंगंच

शेवंते, हिंमत आसंल तर हे खरं मानून दाखव. माझं पोट फुगून राहिलं म्हून सूनबाईनं निस्ती मऊ खिचडी लावली. सेनगावच्या डाक्टरनं अन्न पचायच्या गोळ्या देल्या. म्हणला, “आजी, गोळी जेवणासंगंच घ्या, रिकाम्या पोटी न्हाई.”

आठ दिसात पोट बराबर झालं, पण सून काई खिचडी सोडंना. मंग उरलेली एक गोळी पदराला बांधली अन् ज्या घरातून ठेच्याचा वास येईल त्या दारात बसले. “बाई, गोळी घ्यायची येळ झाली, जेवणाबिगर चालत न्हाई!” कोण नको म्हनंल?

काय म्हन्तीस, गोळी कवा संपंल? संपाया ती गिळावी लागती, येडे! ही बघ, तीच हाय. जाय आता चुलीकडं, भाकर टाक. माझ्या गोळीची येळ झाली.